बाटलीतलं पेट्रोल

१

बद्रीनाथला इंग्रजीची तीनच वाक्यं येत आणि तिन्ही पोटापाण्यापुरती पुरत. एक नमस्काराचं, एक लेणी किती वाजता बंद होतात त्याचं, आणि तिसरं बाटल्यांचं. औरंगाबादहून अजिंठ्याला गोरे पाहुणे न्यायचे म्हणजे वाटेत कुठल्या तरी झाडाखाली स्टुलावर मांडलेल्या पेट्रोलच्या बाटल्या त्यांना दिसायच्याच. त्यांनी कौतुकानं कॅमेरा काढला की बद्रीनाथ मान हलवून म्हणायचा, "नो बॉटल पेट्रोल, सर. इंजन फिनिश." अठरा वर्षांत आपल्या अँबॅसडरला त्यानं पंपाखेरीज कुणाच्या हातचं घोटभर काही पाजलं नव्हतं. बायको वच्छलाबाई म्हणायची, एवढी निगा माझी राखली असती तर मी अजून पंचविशीतली दिसले असते.

त्या वर्षी आखातात लढाई पेटली. गोरे पाहुणे यायचे थांबले आणि त्यांच्या पाठोपाठ पेट्रोलही यायचं थांबलं. पंपापंपांवर 'पेट्रोल नाही' असं खडूनं लिहिलेल्या पाट्या लागल्या. बद्रीनाथची गाडी दोन आठवडे पदमपुऱ्यातल्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती. पण माघातल्या त्या दिवशी ती काढावीच लागली, कारण लेकीला आणायचं होतं.

द्वारका त्यांची एकुलती एक. फर्दापूरच्या पुढं दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला याच महिन्यात बैलगाडीचे धक्के बसून सगळं गेलं होतं, आणि पोरगी चार महिने भिंतीकडं तोंड करून पडली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं की बैलगाडी नको, एसटी नको, आणायचं तर फुलासारखं आणा. बद्रीनाथ आणि वच्छलाबाईनं त्या पोटातल्या जिवाचं नावसुद्धा अजून एकमेकांपाशी काढलं नव्हतं, इतकी त्यांना धास्ती होती.

निघताना वच्छलाबाई म्हणाली, "तिन्हीसांजेच्या आत या. मी भाकरतुकडा घिऊन दारात उभी राहते."

लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मगच त्यानं उंबरा ओलांडायचा, ही त्यांच्याकडची रीत. वाटेत मागं लागलेलं वाटेलाच राहावं म्हणून. बद्रीनाथचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण बायकोनं ओवाळायला घेतलं की तो पायताण काढून मुकाट्यानं उभा राहायचा.

२

टाकीत जाण्यापुरतं पेट्रोल होतं, त्यामुळं जाताना सगळं सुरळीत झालं. फर्दापूरच्या लॉजवाल्यानं दहा लिटर पेट्रोल त्याच्यासाठी राखून ठेवायचं कबूल केलं होतं. येताना ते घ्यायचं आणि सरळ घर गाठायचं, असा हिशेब होता. पण लेकीला घेऊन तो परत फर्दापुरात आला तेव्हा लॉजला कुलूप होतं. पाहुणेच नाहीत तर इथं बसून काय माशा मारू, म्हणून लॉजवाला आदल्या दिवशीच गावी निघून गेल्याचं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. राखलेलं पेट्रोल कुलपाच्या आत होतं का लॉजवाल्याच्या फटफटीत, ते देव जाणे.

बद्रीनाथनं लेकीला काही कळू दिलं नाही. घाट चढताना मात्र त्याची नजर रस्त्यावर कमी आणि पेट्रोलच्या काट्यावर जास्त होती.

द्वारका मागच्या सीटवर उशी घेऊन बसली होती आणि तिची टकळी चालू होती. लहानपणापासून तिला एक खोड होती. गाडीत बसली की रस्त्याच्या कडेचा प्रत्येक दगड ती मोठ्यानं वाचायची. आता आई व्हायची वेळ आली तरी ती गेली नव्हती. "बाबा, सिल्लोड चाळीस. बाबा, सिल्लोड एकोणचाळीस." वाक्याच्या आधी बाबा आणि वाक्याच्या नंतर बाबा. बद्रीनाथ वरवर वैतागायचा, पण दर दगडागणिक त्याला बरं वाटत होतं, कारण घर तेवढं जवळ येत होतं.

अजिंठा गाव मागं पडलं आणि काटा तळाला टेकला. एक वाजत आला होता. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, आणि माणूस कुठं दिसत नव्हतं.

३

लिंबाखाली एक बाई बसली होती. पन्नाशीची, स्वच्छ नेसलेली, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत होती. पुढ्यात ओल्या पोत्यावर एकच बाटली उभी होती. गाडी थांबली तरी ती उठली नाही की तिनं आवाज दिला नाही.

अठरा वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य बद्रीनाथच्या घशाशी आलं. त्यानं मागं पाहिलं. द्वारकेनं पाय वर घेतले होते, पाय सुजले होते. इथं गाडी बंद पडली तर एसटीला हात करावा लागला असता, आणि त्या धक्क्यांच्या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटला. तो खाली उतरला.

पेट्रोल कुठलं, असं त्यानं विचारलं.

"वाटंतच राहिलेल्या गाड्यांतलं असतं," बाई सूप न थांबवता म्हणाली. मग तिनं मान वर करून मागच्या काचेकडं पाहिलं. "लेक माहेरला निघाली का?"

"व्हय."

"मंग घिऊन जावा. हे बी माहेरलाच निघालं व्हतं."

काही तरी बोलायची रीत असेल, असं बद्रीनाथला वाटलं. विकणारी माणसं गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं काहीबाही बोलतातच. त्यानं ड्रायव्हर लोक करतात तशी पारख केली, तळहातावर चार थेंब घेतले आणि फुंकर मारली. चांगलं पेट्रोल हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. रॉकेल असलं तर तेलकट डाग राहतो. हे उडालं, डाग राहिला नाही. पण ते गार लागलं नाही. सावलीत, ओल्या पोत्यावर ठेवलेली बाटली, आणि आतलं पेट्रोल कोमट होतं. लांबून आलेल्या गाडीच्या टाकीतून नुकतंच काढावं तसं.

नरसाळ्यावर धोतराचं फडकं धरून त्यानं ते गाळून टाकीत ओतलं. फडक्यावर एक कण राहिला. हिरव्या काचेचा, किंचित वाकडा. बाटलीचा टवका असेल म्हणून त्यानं बाटली फिरवून पाहिली. बाटली पांढऱ्या काचेची होती आणि कुठं फुटलेली नव्हती. त्यानं फडकं झटकलं.

बाई पुन्हा तूर निवडायला लागली होती.

४

गोळेगावला त्यानं गाडी उभी केली. द्वारकेला पाय मोकळे करायचे होते. त्यानं चावी फिरवून काढली, पण इंजिन थांबलं नाही. पाच-सहा ठोके देऊन मग कुंथत बंद पडलं.

बद्रीनाथच्या कपाळाला आठी पडली. पण हे त्याला माहीत होतं. भेसळीच्या पेट्रोलवर गाडी चावी काढल्यावरही थोडी चालते, आतली उष्णता तिला पेटती ठेवते. म्हणजे तळहातानं फसवलं होतं, रॉकेल होतंच. त्याला स्वतःचाच राग आला. गोऱ्या पाहुण्यांनी त्याला या अवस्थेत पाहिलं असतं तर कॅमेरे काढले असते.

दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती तिथून निघाल्यावर. गाडी कशी शांत होती. म्हणजे इंजिनाचा आवाज होता, पण दगड वाचणं थांबलं होतं. सिल्लोडचे किती तरी दगड मागं गेले आणि मागून एकही आकडा ऐकू आला नाही. झोप लागली असेल म्हणून त्यानं आरशात पाहिलं. द्वारका जागी होती. सरळ बसून खिडकीबाहेर बघत होती आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला होता.

लेक कधी बापासमोर डोक्यावरून पदर घेते का? द्वारकेनं तर लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याच्यासमोर घेतला नव्हता. ऊन लागत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. ऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला होतं.

५

सिल्लोडच्या पंपावरही खडूची पाटी होती. तरी ओळखीचा माणूस आहे म्हणून बद्रीनाथ आत शिरला आणि चावी काढून खाली उतरला. इंजिन चालूच राहिलं.

या वेळेला ते पाच-सहा ठोक्यांत भागलं नाही. पंपावरचा माणूस बाहेर आला, त्यानं चावी बद्रीनाथच्या हातात पाहिली, गाडीकडं पाहिलं आणि हसला. रॉकेलच हाय, दुसरं काय, घरी जाऊन टाकी धुवून काढा, असं तो म्हणाला. बद्रीनाथही हसला. मग दोघं बॉनेटपाशी उभं राहून इंजिन थांबायची वाट पाहू लागले, आणि हळूहळू दोघांचंही हसू ओसरलं. गाडी एका लयीत चालत होती. भेसळीची गाडी गचके खाते, धूर ओकते. ही तर नुकती सर्व्हिसिंग करून आणल्यासारखी गुरगुरत होती.

शेवटी बद्रीनाथ आत बसला, गिअर टाकला आणि क्लच सोडून इंजिन मारलं, जबरदस्तीनं बंद पाडलं. गाडीला गचका बसला. मागून कण्हल्याचा आवाज आला. द्वारका दोन्ही हातांनी पोट धरून वाकली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

तो लेकीजवळ गेला, पाणी पाजलं, पुन्हा असं करणार नाही म्हणाला. थोड्या वेळानं तिचा चेहरा निवळला आणि तिनं विचारलं, "अजून किती वेळ लागंल?"

सरळ प्रश्न होता. पण त्यात काही तरी कमी होतं, आणि काय कमी होतं ते बद्रीनाथला गाव मागं पडल्यावर कळलं. लिंबाच्या झाडापासून इथवर तिनं एकदाही बाबा म्हटलं नव्हतं.

काटा मघाशी होता तिथंच होता, एक बाटली टाकल्यावर जिथं आला होता तिथंच.

६

फुलंब्रीच्या बरंच अलीकडं डाव्या हाताला एक कच्चा फाटा आहे. त्याच्यावर पाटी नाही. बद्रीनाथनं तो हजार वेळा पाहिला असेल, पण आत कधी गेला नव्हता. त्या फाट्यापाशी गाडीनं नेहमीच्या रस्त्यावर जायचं नाकारलं.

म्हणजे तसं त्याला वाटलं, आणि लगेच त्यानं स्वतःला दटावलं. गाडी नाकारत नसते, गाडी बिघडते. पण चाक सरळ ठेवलं की इंजिन ठोकायला लागायचं, गाडी आचके द्यायची, आणि दर आचक्याला मागं द्वारका कण्हायची. कडेच्या सावलीत घ्यावी म्हणून त्यानं चाक डावीकडं वळवलं. आचके थांबले. कण्हणंही थांबलं. त्यानं पुन्हा उजवीकडं घेऊन पाहिलं. मागून असा आवाज आला की त्यानं दात आवळून चाक डावीकडं फिरवलं.

फाट्याच्या आत गाव असेल, गावात सुईण असेल, कुणाच्या तरी घरी वेळेपुरता आसरा मिळेल. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि त्यानं ते स्वतःला दोनदा सांगितलं. शहर अजून पन्नास किलोमीटर होतं. सातव्या महिन्यातलं लेकरू त्या आचक्यांवर टिकणार नव्हतं, एवढं त्याला बाप म्हणून कळत होतं.

कच्च्या रस्त्यावर गाडी लोण्यातून जावी तशी चालली. एक खड्डा लागला नाही. लागला नाही म्हणावं तर रस्ता खड्ड्यांनी भरलेला त्याला समोर दिसत होता.

"आता चिचंचं झाड लागंल," मागून द्वारका म्हणाली. "मंग म्हसोबा. तिथनं घर दिसतं."

चिंच लागली. शेंदूर लावलेला दगड लागला. "तुला कसं ठाव गं?" त्यानं आरशात न पाहता विचारलं.

"वाट म्हाईत नसायला काय झालं," ती म्हणाली, आणि लाजल्यासारखी हसली. हसणं त्याच्या लेकीचं नव्हतं. द्वारका तोंडभर हसायची आणि नंतर उचकी लागायची.

७

घर गावाच्या अलीकडं एकटंच होतं. मातीच्या भिंती, वर पत्रा, अंगण सारवलेलं. दारात एक म्हातारी उभी होती. तिच्या एका हातात ताटली होती, दुसऱ्या हातात तांब्या. ताटलीत भाकरीचा तुकडा होता.

बद्रीनाथनं ब्रेक लावला, चावी काढून खिशात टाकली. इंजिन चालूच होतं. ते मारायची त्याची हिंमत झाली नाही.

म्हातारी गाडीपाशी आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. तिनं मागचं दार चाचपून उघडलं आणि द्वारकेच्या तोंडावरून हात फिरवला. "आलीस का माय," एवढंच ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले.

बद्रीनाथला एकदम हायसं वाटलं. इतका वेळ छातीवर बसलेलं काही तरी उठलं. बिचारी आंधळी म्हातारी, कुणाची तरी वाट बघतेय, गाडीचा आवाज आला की ताटली घेऊन धावते. त्याला तिची फार दया आली. घरी वच्छलाबाईसुद्धा या घडीला अशीच उभी असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला नाही म्हणून निघून जायचं, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"घे ओवाळून," तो लेकीला म्हणाला. "म्हातारीचं मन मोडू नकू."

द्वारका खाली उतरली. म्हातारीनं तिच्यावरून तुकडा तीनदा ओवाळला, पाणी ओवाळलं, आणि दोन्ही गाडीच्या दिशेनं फेकलं. पाणी टपावर पडून खाली ओघळलं. मग लेकीचा हात धरून ती तिला घरात घेऊन गेली.

द्वारकेचा पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि इंजिन थांबलं.

८

शेतात होला घुमल्याचा आवाज आला, तेव्हा बद्रीनाथला कळलं की दुपारभर त्याला इंजिनाखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानं वाकून काट्याकडं पाहिलं. काटा तळाला होता.

तो उंबऱ्यापाशी गेला. आत अंधुक उजेड होता. भिंतीला लागून बाज टाकलेली होती, बाजेखाली शेक द्यायची शेगडी, उशाला जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या आणि कुंची. बाळंतिणीची सगळी तयारी होती. आणि त्या सगळ्यावर बोटभर धूळ होती. शेगडीतल्या गोवऱ्यांना वाळवी लागलेली होती. द्वारका त्या धुळीतच बाजेवर टेकून बसली होती, एक हात पोटावर ठेवून, कितीतरी दिवसांनी बूड टेकल्यासारखी.

"द्वारके," त्यानं हाक मारली. "ऊठ बाळा, निघू."

तिनं वर पाहिलं. मग पदर कपाळापर्यंत ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"ड्रायव्हरदादा," ती नम्रपणानं म्हणाली, "लई उशीर झाला तुमाला. घरी वाट बघत असतील. निघा आता."

बद्रीनाथनं चौकट धरली. म्हातारी कोपऱ्यातल्या माठातून पेल्यात पाणी ओतत होती. ती त्याच्याकडं वळून समजुतीनं म्हणाली, "द्वारका कोण वो? ही माझी लेक राजा. पानी पिऊन जावा."

आत जायचं, लेकीला उचलायचं आणि चालत सुटायचं. एवढंच करायचं होतं. त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला पाय उचललाही.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. बंद पडलेल्या गाडीतून, मागच्या सीटवरून, आणि ओळखीचा.

"बाबा, फुलंब्रीचा दगड गेला का बाबा?"

त्याचा पाय तसाच राहिला.

त्यानं मान अर्धी वळवली. मागचं दार उघडं होतं. सीटवर उशी होती, उशीशेजारी कुणी नव्हतं. पण सीट मधोमध दबलेली होती, आणि तो बघत असताना स्प्रिंगा करकरल्या, कुणी तरी अवघडून कूस बदलावी तशा.

घरात त्याच्या लेकीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. तिच्या पदराखाली पोट हललं, आतून लाथ मारल्यासारखं. लुगड्यावरून सुद्धा ते दिसलं. म्हातारी हसली.

"बाबा," गाडीतून पुन्हा आवाज आला. या वेळेला त्यात रडू होतं. मागच्या खेपेला, बैलगाडीतून उतरवल्यावर होतं तसंच. "बाबा, माझं पोट असं हलकं का लागतंय वो?"

बद्रीनाथ उंबऱ्यावर उभा राहिला, एक पाय आत आणि एक पाय बाहेर.